भोकांच्या चकतीला टोरीचं तेल

आरोग्यसेविका म्हणून माझ्या नेमणुकीचा आदेश आला तेव्हा आई देवापुढं साखर ठेवायला धावली. बाबांनी चष्मा लावून आदेश दोनदा वाचला आणि विचारलं, "तिथी उतार किती हाय?"

नेमणूक भामरागडच्या अलीकडच्या एका उपकेंद्रावर होती. आमचं घर माजरीला. मधे दोनशेच्या आसपास किलोमीटर, त्यातलं निम्मं जंगल. पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहायला लागली की तिकडचा रस्ताच बंद होतो. माझ्या मैत्रिणींनी विचारलं, लाइट आहे का, मोबाइलला रेंज आहे का, भीती वाटणार नाही का. बाबांना यातल्या कशाचंच पडलेलं नव्हतं. त्यांना फक्त उतार हवा होता.

याला कारण होतं. तीस वर्षं त्यांनी कोळशाच्या उघड्या खाणीत डंपर चालवला. खाण म्हणजे एक मोठा खड्डा, त्यात गोल गोल उतरत जाणारा रस्ता, आणि घराएवढी गाडी घेऊन दिवसभर वर-खाली. अशा माणसाच्या लेखी जगात दोनच प्रकार उरतात, ब्रेक असलेल्या गोष्टी आणि ब्रेक नसलेल्या गोष्टी. निवृत्त झाले तरी अंगणात उभ्या केलेल्या सायकलीच्या चाकाखाली ते दगड लावत. आमच्या कपाटाला खाली बारकी चाकं होती. त्या कपाटालाही चार विटा लावलेल्या होत्या. कपाट तीस वर्षांत कुठं गेलं नव्हतं, पण बाबा म्हणायचे की विटा आहेत म्हणूनच गेलं नाही.

"गाडी मी पाहीन," त्यांनी जाहीर केलं. "ब्रेक माह्या मनासारखा बसला, का मंग जाजो."

रुजू व्हायला पंधरा दिवसांची मुदत होती. त्या मुदतीत गेले नाही तर आदेश रद्द. तीन वर्षं परीक्षा देऊन मिळालेली नोकरी होती ती, आणि मला वाटलं, पंधरा दिवसांत एक गाडी बघायला काय लागतं.

मी भोळी होते. मुळात मला स्कूटर हवी होती आणि बाबांना मोटरसायकल. माझं म्हणणं सरळ होतं. लसीचा डबा घेऊन गावोगाव फिरायचं, तो स्कूटरवर पायाशी ठेवता येतो, मोटरसायकलवर कुठं ठेवू, डोक्यावर? बाबांचं म्हणणंही सरळ होतं. मोटरसायकलचं चाक मोठं म्हणून पुढच्या ब्रेकची चकती थाळीएवढी, आणि स्कूटरचं चाक बारकं म्हणून चकती बशीएवढी. "थाळी सोडून बशीत काऊन जेवाचं?" ते विचारत. यावर मला उत्तर सुचायचं नाही, आणि उत्तर सुचलं नाही की बाबा जिंकले असं आमच्या घरात मानलं जाई.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चकत्यांचा अभ्यास सुरू केला. अभ्यास म्हणजे काय, तर भद्रावतीच्या बाजारात जायचं आणि उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीच्या पुढच्या चाकापाशी उकिडवं बसून आत बघायचं. सोबत माझी शाळेतली जुनी वही. तिच्यात ते चकतीचं चित्र काढत. काही चकत्या सपाट, काहींना भोकं, काहींना लांबट चिरा, काहींची कड सरळ, काहींची कड लाटांसारखी नागमोडी. एका गाडीचा मालक भाजी घेऊन परतला तर बाबा त्याच्या चाकात बोट घालून बसलेले. तो ओरडला, "ओ काका, काय खोलून राह्यले?" बाबांनी मान वर न करता त्याला सांगितलं, "तुही चकती घासली हाय. घरी हळू जाजो." तो माणूस चोर पकडायला आला होता, तो हळू घरी गेला.

आठवड्यात वही भरली. पण खरी अडचण होती भोकांची. चकतीला भोकं का असतात, आणि असावीत का, यावर आमच्या घरात आणि शेजारच्या घरात उभी फूट पडली. शेजारचे काका खाणीच्या वर्कशॉपमधले निवृत्त फिटर. लोखंडाबद्दल त्यांना आदर होता. त्यांचं ठाम मत की भोकं ही सरळ सरळ चोरी आहे. "भोकं पाडली तितकं लोखंड कंपनीनं खाल्लं," ते म्हणत. "अन तुमाले सांगून राह्यले का हे नवीन डिझाइन हाय. उद्या भोकंच देतील अन चकती देणार नाई."

बाबांचं मत पडलं की भोकं गरमीसाठी आहेत. ब्रेक दाबला की घासून चकती तापते, भोकांतून हवा जाते, ती लवकर निवते. शिवाय पावसात चकतीवर पाणी बसलं की ब्रेक क्षणभर घसरतो, भोकांतून ते पाणी निघून जातं. मला हे पटलं. पण पटलं म्हणून भागलं असतं तर ते बाबा कसले. त्यांना काकांना दाखवून द्यायचं होतं.

म्हणून एका सकाळी त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. गॅसच्या एका शेगडीवर आईचा तवा, दुसरीवर आईचा झारा. तवा म्हणजे भोकं नसलेली चकती, झारा म्हणजे भोकं असलेली. दोन्ही लाल होईपर्यंत तापवायचे, पंख्याखाली धरायचे, आणि कोण आधी निवतं ते बघायचं. आईच्या शेव पाडायच्या साच्याच्या चकत्याही त्यांनी ओट्यावर मांडल्या होत्या. बारीक भोकं, मोठी भोकं, चकलीची चांदणी, सगळ्यांची पाळी येणार होती. काका पंच म्हणून मोरीच्या दारात उभे. आई देवळात गेली होती, हे वेगळं सांगायला नको.

झारा आधी निवला. काका म्हणाले, तवा जाड आहे, झारा पातळ आहे, हा न्याय नाही. बाबा म्हणाले, मग सारख्या जाडीचा झारा आणा. काका म्हणाले, असा झारा जगात नसतो, कारण झाऱ्याचंसुद्धा लोखंड खाल्लेलं असतं. या वाक्यावर दोघांचं बोलणं बंद झालं ते बंदच. तवा मात्र मधोमध फुगला. त्यानंतर मी निघेपर्यंत आमच्याकडं प्रत्येक भाकरी कडेला कच्ची आणि मधे करपलेली निघायची. आई ती बाबांच्या ताटात वाढताना एकच वाक्य म्हणायची, "घ्या, गरमी पाहा."

चंद्रपूरच्या शोरूममध्ये आम्ही चार वेळा गेलो. तिथल्या विक्रेत्यानं नागमोडी कडेची चकती कौतुकानं दाखवली. बाबा म्हणाले, "हे करंजीवानी काऊन कातरलं?" तो म्हणाला, "काका, स्टाईल हाय." बाबा उठून निघालेच होते, तेवढ्यात आतल्या मेकॅनिकनं सांगितलं की तशा कडेनं चिखल खरवडून निघतो. बाबा परत बसले. पण तसल्या चकतीची स्कूटर नव्हती, मोटरसायकलच होती, आणि आम्ही पुन्हा थाळी-बशीवर आलो.

शेवटी मी हट्टानं एक स्कूटर पुढं केली. पुढं चकतीचा ब्रेक, चकतीला भोकं, मागं साधा ड्रमचा ब्रेक. बाबांनी ती दोन तास तपासली. मग शोरूमच्या मागच्या मोकळ्या जागेत गेले, मधोमध उभे राहिले आणि मला म्हणाले, "ये. माह्या अंगावर आण. मी इथी हाय असं समजून दाब."

"तुमी तिथीच हाय बाबा, समजायचं काय त्यात?"

"हो ना. मंग दाबजो बरोबर."

सख्ख्या बापाच्या अंगावर स्कूटर घालायची चाचणी मी त्या दिवशी सहा वेळा दिली. विक्रेता खांबाला टेकून डोळे मिटून उभा होता. सहाही वेळा स्कूटर बाबांपासून वीतभर अंतरावर थांबली. सहाव्यांदा त्यांनी ते अंतर बोटांनी मोजलं आणि म्हणाले, "लागली नाई. पण लागली असती." आणि गाडी नापास केली.

मुदत संपायला तीन दिवस उरले होते. घरी येताना बसमध्ये मी त्यांच्याकडं बघत होते. ते वही उघडून एकेका चकतीवर फुली मारत होते. तेव्हा मला कळलं की कुठलीच चकती पास होणार नाही. देवानं स्वतः घडवून पाठवली असती तरी बाबांनी तिच्यात एक भोक जास्त आहे असं म्हटलं असतं. माझा राग इतका अनावर झाला की मी भर बसमध्ये बोलले, "बाबा, तुमाले मले पाठवायचंच नाई. चकतीचं नाव काऊन घेता?"

त्यांनी वही मिटली. घरी गेल्यावर आईनं सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला. आमच्या घरात ब्रेकबद्दल बाबा बोलत, बाकी सगळ्याबद्दल आई. ती म्हणाली, "तेच गाडी घ्या. तुमी सोबत जा. तिथचा उतार तुमच्या डोळ्यानं पाहा. नाई पटलं तर पोरीले वापस घेऊन या, मी काई म्हणणार नाई. पण घरी बसून माही भांडी जाळू नोका."

म्हणजे मामला असा ठरला. तिथं जाऊन बाबांना ब्रेक पटला तर मी राहणार, नाही पटला तर परत.

दोन दिवसांनी पहाटे आम्ही निघालो. दिवाळी नुकतीच झाली होती, रस्ते उघडले होते. पुढं बाबा आपल्या थाळीएवढ्या चकतीच्या मोटरसायकलवर, मागं मी नव्या स्कूटरवर. गोंडपिपरी सोडेपर्यंत मला त्यांची युक्ती कळली. दर चार-पाच किलोमीटरवर ते कारण नसताना कच्चकन थांबत, मी मागं थांबते का ते बघायला. मी थांबले की मान हलवत आणि पुढं जात. आष्टीच्या पुलाच्या अलीकडं त्यांनी असाच ब्रेक दाबला तर माझ्या मागचा ट्रकवाला खाली उतरून आला. बाबांनी त्यालाही शाबासकी दिली. "तुहा ब्रेक चांगला हाय," म्हणाले. ट्रकवाला आल्या पावली परत चढला.

आलापल्लीनंतर साग आणि धूळ. दिवसभराची ती लाल धूळ चकतीत बसली आणि माझी स्कूटर थांबताना ओरडायला लागली. लांबलचक, बारीक, चीं असा आवाज. बाबा म्हणाले, धुळीचा आहे, धोका नाही, धुतला की जातो. पण गावात शिरताना मी उतारावर ब्रेक दाबला तेव्हा तो आवाज एवढा मोठा निघाला की घराघरातून माणसं बाहेर आली.

गाव माडिया लोकांचं. उतारावर पंधरा-वीस घरं, वर उपकेंद्राची खोली, उताराच्या तळाशी बोडी, म्हणजे आमच्या भागातलं छोटं तळं. आमची उतरायची सोय गावच्या गायताकडं केली होती. गायता म्हणजे गावचा पुजारी आणि वडीलधारा माणूस. म्हातारे, सडपातळ, कमी बोलणारे. त्यांना मराठी येत नव्हती, आम्हाला माडिया येत नव्हती. गावातलीच एक बाई आशा सेविका म्हणून काम करायची, ती मधे बसून दोन्हीकडचं बोलणं पोचवायची. जोहार झाले, हातपाय धुवायला पाणी आलं. गायता आमच्याशी बोलताना मधूनमधून अंगणातल्या माझ्या स्कूटरकडं बघत होते. चेहरा असा, जणू घरात कोणीतरी आजारी आहे.

दुसरी सकाळ माझ्या मुदतीची शेवटची सकाळ होती. मला मोठ्या रस्त्याला लागून प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं होतं, सही करून रुजू व्हायचं होतं. बाबा आंघोळ करून आले, हेल्मेट चढवलं आणि म्हणाले, "थांब. उतार पाहून येतो. मंग ठरवू." मी मुकाट्यानं चावी दिली. मला माहीत होतं की माझी नोकरी त्या उताराच्या तळाशी ठरणार आहे.

पुढचं सगळं मी उपकेंद्राच्या दारातून पाहिलं.

बाबा स्कूटरवर बसून उतारानं निघाले. गाडी वेग घ्यायला लागली. मधल्या चिंचेपाशी त्यांनी उजव्या हातानं पुढचा ब्रेक दाबला, ते मला त्यांच्या कोपरावरून कळलं. गाडी थांबली नाही. आवाजही आला नाही. कालची चीं गायब होती, गाडी अगदी गुळगुळीत पळत होती. मग बाबांनी उजवा पाय आपटायला सुरुवात केली. मोटरसायकलला मागचा ब्रेक उजव्या पायाशी असतो. स्कूटरला तिथं नुसता पत्रा असतो, ज्यावर मी लसीचा डबा ठेवणार होते. बाबा तो पत्रा जिवाच्या आकांतानं दाबत होते. मी ओरडले, "बाबा, डावा हात! डावा हात!" स्कूटरचा मागचा ब्रेक डाव्या हाताला असतो. पण मोटरसायकलला डाव्या हाताला क्लच असतो, आणि उतारावर क्लच दाबायचा नाही, हा खाणीतला पहिला नियम. तीस वर्षं जो नियम त्यांनी मोडला नव्हता तो ते आता मोडणार होते थोडेच. डावा हात त्यांनी मुद्दाम उघडा ठेवला होता. शिस्तीनं, हेल्मेट घालून, पत्रा दाबत, माझे बाबा सरळ बोडीत गेले.

स्कूटरचं पुढचं चाक काठच्या गाळात रुतलं आणि ती तिथंच उभी राहिली. बाबा पुढं गेले. मी पोचले तेव्हा ते कमरेएवढ्या पाण्यात बसले होते, खांद्यावर शेवाळ, आणि उजव्या हाताची बोटं अजून हवेतला ब्रेक दाबत होती. दोन म्हशी त्यांच्याकडं बघत होत्या. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी पोटातून असं हसू येत होतं की मी काठावर खालीच बसले. लागलं कुठं नव्हतं. बाबांनी मला विचारलं, "चकती कुठी हाय?" म्हणजे जागेवर आहे का.

चकती जागेवर होती. सकाळच्या उन्हात चमकत होती. बाबांनी पाण्यातून येऊन तिच्यावरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. टोरीचं तेल. मोहाच्या बियांचं, घराघरात असतं ते. दोन्ही बाजूंना पुसून लावलेलं. एवढंच नाही, प्रत्येक भोकातसुद्धा तेल होतं.

तोवर सगळं गाव उतरलं होतं. पुढं गायता, हातात तेलाची वाटी आणि एक काडी. त्यांनी आधी बाबांना हात धरून बाहेर काढलं, मग स्कूटरकडं समाधानानं बघितलं. आशा सेविका त्यांचं बोलणं सांगत गेली. पहाटे उठून त्यांनी स्वतः तेल लावलं होतं. भोकं खूप होती म्हणून वेळ लागला. काडीनं एकेका भोकात घालावं लागलं.

याहून चांगलं निमित्त बाबांना जन्मात मिळालं नसतं. ब्रेक नापास, उतार नापास, गाव नापास. मी मनातल्या मनात पिशवी भरायला घेतली होती.

बाबा ओल्या कपड्यानं गायतांच्या अंगणात बसले. कुणीतरी त्यांच्या खांद्यावर घोंगडी टाकली. मग त्यांनी आशा सेविकेला म्हटलं, "त्याईले विचार, काऊन लावलं?"

गायतांनी सावकाश सांगितलं, तिनं ते तसंच्या तसं सांगितलं. "ते म्हणते, आमच्याकडं पाहुण्याची बैलगाडी आली का बैलाले पाणी देते अन चाकाले तेल देते. कोरड्या चाकाची गाडी रडते. तुमची पोरगी आमच्या गावात राहाले आली, अन तिची गाडी रडत आली. सगळ्या गावानं आयकलं. ते म्हणते, रडत आली तिले तसंच कसं ठेवाचं?"

बाबांनी गायतांकडं पाहिलं. मग घोंगडी बाजूला ठेवून उठले आणि मला म्हणाले, "तू जा. सही करून ये. तोवर मी चकती धुतो."

"अन ब्रेकचं?"

"सांगतलं ना, जा."

मी आशा सेविकेबरोबर मोठ्या रस्त्यापर्यंत चालत गेले, जीप पकडली, केंद्रात जाऊन सही केली. परत आले तेव्हा दुपार झाली होती. अंगणात पुढचं चाक खोलून दोन म्हातारे समोरासमोर बसले होते. चुलीतली राख, गरम पाणी, नारळाचा काथ्या. गायता तेल घातलेल्या काडीसारखीच दुसरी काडी घेऊन एकेका भोकातून तेल काढत होते, बाबा राखेनं चकती घासत होते. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता, आणि दोघं तोंडानं अखंड बोलत होते. बाबा त्यांना भोकांचा उपयोग समजावून सांगत असावेत, कारण मधेच त्यांनी हातानं झाऱ्याची खूण केली.

"चकती धुता येते," बाबा मला म्हणाले. "पण तिले दोन्हीकडून धरणारे पॅड असते, ते तेल पेले का कामातून गेले. बदलले मी. डिक्कीत स्पेअर होते."

त्यांच्याकडं स्पेअर असणं मला अगदी साहजिक वाटलं. कपाटाला विटा लावणारा माणूस तो. त्यांनी मला उतारावर एकदा जाऊन यायला सांगितलं. मी गेले, दाबला, गाडी जागच्या जागी थांबली. त्यांनी अंतर मोजलं नाही. जेवले, गायतांना जोहार केला, आणि मोटरसायकल चालू केली. मी म्हटलं, आजचा दिवस राहा. म्हणाले, उजेडात जेवढं जाता येईल तेवढं जातो.

इतक्या हळू मी बाबांना कधीच जाताना पाहिलं नव्हतं. पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही पाय जमिनीला लागतील इतके खाली, चालत्या माणसाच्या चालीनं. मला वाटलं, निघवत नाही त्यांना. मी वळणापर्यंत मागं गेले, मग तिथं उभी राहून रडले. त्या रात्री मुक्कामाला आलापल्लीला थांबलो असा त्यांचा निरोप दुसऱ्या दिवशी आईकडून आला.

मग माझं काम सुरू झालं. पहिला पावसाळा गेला. लसीचा डबा पायाशी ठेवून मी त्या भागातले सगळे उतार पालथे घातले आणि गाडी प्रत्येक उतारावर थांबली. पुढच्या उन्हाळ्यात स्कूटर सर्व्हिसिंगला आलापल्लीला नेली. मेकॅनिकनं पुढचं चाक काढलं, पॅड हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि मला बोलावलं.

"मॅडम, हे कोनं बसवले?"

"माझ्या वडिलांनी. काऊन, नवीनच तर होते."

"नाई मॅडम. हे मोटरसायकलचे हायेत. कड पाहा, कानशीनं घासून बसवली. आधीच वापरलेले होते." त्यानं मोठ्या कौतुकानं पॅड माझ्या हातात ठेवले. "काम मातर लय साजरं केलं."

मी गावात परतल्यावर गायतांना पॅड दाखवले. त्यांनी हसून आपला हात पुढं केला आणि मूठ आवळून दाखवली. त्या दिवशी बाबा आपल्या मोटरसायकलचे पॅड काढत होते तेव्हा तिचं चाक गायतांनीच धरून ठेवलं होतं. आशा सेविका म्हणाली, बाबांनी ओठावर बोट ठेवून त्यांना काहीतरी सांगितलं होतं, तेवढं त्यांना कळलं.

मग मी रेंज असलेल्या टेकाडावर जाऊन घरी फोन लावला. बाबांनीच उचलला. मी कशी आहे, पाणी कसं आहे, काही विचारू दिलं नाही. म्हटलं, "बाबा, पुढचा ब्रेक नसताना तुमी माजरीपर्यंत गेले?"



"मागचा होता ना."

"बाबा, दोनशे किलोमीटर. तुमी. ब्रेक नसताना."

"मले कुठी थांबाचं होतं वं," बाबा म्हणाले. "थांबाचं तर तुले होतं."